रिकाम्या डब्याला पाणी

काष्टी, ता. श्रीगोंदा
१२ डिसेंबर २०२२

चि. सीमा हिला तात्याचा आशीर्वाद.

एवढं लिहूनच पेन थांबलं. पूर्वी ‘चि. सौ. सीमा’ लिहायचो. आता ‘सौ.’ लिहायचं नाही म्हणतात, आणि ते गाळलं की कालवणात मीठ घालायचं राहिल्यासारखं वाटतं. असो. सुनेला पत्र कसं लिहावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. चौथीनंतर शाळाच नाही. जे वाचलं ते दुधाच्या केंद्रावर, मशीन चालू असताना. सुचेल तसं लिहितो.

फोन का नको म्हणतो, तर कान पार गेले. त्याच मशीनच्या घरघरीची ही देणगी. कानात यंत्र घातलं की त्यात आधण उकळल्यासारखं ऐकू येतं, माणूस ऐकू येत नाही. परवा तू फोनवर काय बोललीस त्यातलं ‘थंडी’ एवढंच कळलं, आणि मी आपला ‘हो हो, छान छान’ म्हणत राहिलो. मागून जीव खालीवर झाला, की पोरगी आजारी असल्याचं सांगत असेल आणि हा म्हातारा छान म्हणतोय! कागद बरा. तो पुन्हा वाचता येतो.

मी मजेत आहे. आक्काबाई संध्याकाळी भाकरी घेऊन येते. माझी थोरली बहीण असली तरी मला अजून लंगोटातलाच समजते. माझे कान गेल्याचा तिला फार राग आहे, कारण तिचं निम्मं बोलणं वाया जातं. सकाळी चहा अजून दोन कप होतो. हात जुना, त्याला सांगून कळत नाही. एक मी पितो, दुसरा थंड झाला की तोही मीच पितो.

येत्या माघात सुनीलला जाऊन तीन वर्षं होतील. तू शिमल्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेलीस त्यालाही दोन वर्षं होत आली. तेव्हापासून या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. दोष देत नाही. माझा मुलगा गेला, तो गेला. पण घरात एक सून होती, तीही पाकिटावरच्या पत्त्यापुरती उरली, असं व्हायला नको.

श्राद्धाला ये. श्राद्धाला नको वाटलं तर आधी ये, नंतर ये. दोन दिवस ये. दुसरं काही मागायचं नाही मला.

तुझा
तात्या


शिमला
३० डिसेंबर २०२२

तीर्थरूप तात्यांना सीमाचा नमस्कार.

तुमचं पत्र वॉर्डातच वाचलं. मी आजारी नव्हते. ‘थंडी फार आहे, तुमचा मफलर वापरते’ एवढंच म्हणत होते.

रजा मिळत नाही, तात्या. बर्फ पडला की इथं हाडं मोडलेल्यांची रांग लागते. श्राद्धाला जमणार नाही. रागावू नका.

पाकिटात लाल फळं ठेवली आहेत. दवाखान्याच्या मागं एक झाड आहे, हॉली म्हणतात त्याला. इंग्रजांपैकी कुणीतरी लावलेलं. पानं हिरवीगार, तेल लावल्यासारखी, आणि कडेला सुईसारखे काटे. सगळी झाडं उघडीबोडकी उभी असतात, आणि हे एकटं बर्फात लाल फळं घेऊन उभं असतं. नाताळात लोक फांद्या तोडून नेतात. ड्युटी संपली की मी त्याच्याखाली जरा थांबते. तिथं कुणी विचारत नाही, कशाला थांबलीस.

तुमच्या हाताला काय येत नाही? दवाखान्यातून टाकलेल्या बाटलीतसुद्धा तुम्ही पुदिना लावला होता. ही बी लावून बघा. उगवलं की कळवा. उगवलं की मी बघायला येते. शब्द.

तुमची सून
सीमा


काष्टी
१५ जानेवारी २०२३

चि. सीमा हिला तात्याचे पोटभर आशीर्वाद.

फळं पोचली, पण टपालात चेंगरून. पाकीट लाल झालेलं. आक्काबाईनं ते बघून छातीवर हात ठेवला. म्हणाली, “आगं बया, पोरीनं रगतानं लिवलं का काय!” तिला गर काढून बी दाखवली. तेव्हा म्हणते, “येवढ्या लांबून बोराची बी पाठिवली व्हय? बोरी काय आपल्या बांधाला न्हाईत?”

गोडेतेलाचा मोठा डबा कापून घेतला. खाली खिळ्यानं भोकं पाडली. पोयटा, शेणखत, थोडी वाळू. बी बोटभर खोल टोचली. डबा ओट्यावर ठेवलाय, शेवग्याच्या सावलीत, तुझ्या खोलीच्या खिडकीखाली. सकाळी तोंड धुतलं की पहिला तांब्या त्याला.

एक लिहायचं राहिलं तुझं. किती दिवसांत उगवतं? मेथी तिसऱ्या दिवशी डोकं काढते, भोपळ्याला आठवडा लागतो. हे थंड मुलखातलं, अंग मोडून आळस देत उठणार, म्हणून मी पंधरा दिवस धरतो. तुझ्या खोलीला चुना लावायला काढलाय. रजेचा अर्ज आधीच टाकून ठेव. तुमच्या सायबाला म्हणावं, सासऱ्याच्या हाताला गुण आहे.

तात्या


शिमला
८ मार्च २०२३

तीर्थरूप तात्या,

श्राद्ध नीट झालं हे तुमच्या कार्डावर वाचून बरं वाटलं. उगवायला थोडा वेळ लागतो म्हणे. घाई करू नका. आणि चुन्याच्या शिडीवर चढू नका.

घाईत आहे. पुढं सविस्तर लिहिते.

सीमा


काष्टी
२१ जून २०२३

चि. सीमा,

‘पुढं सविस्तर’ आलं नाही, म्हणून मीच लिहितो.

उगवलं नाही. चुना लावून झाला, खोलीत पाल येऊन राहिली, पण डब्यात काही नाही. उन्हाळ्यात डब्यावर ओलं गोणपाट टाकत होतो. वळवाचा पाऊस आला तेव्हा माती वाहून जाईल म्हणून वर ताट धरून उभा राहिलो. लोक रस्त्यानं जातायेता बघतात. आक्काबाईनं तर गावभर केलंय. काल ओट्यावर बसून म्हणते, “आरं पुंजा, रिकाम्या डब्याला पानी घालतूस. उद्या रिकाम्या गव्हानीत चारा टाकशील.”

म्हटलं, “रिकामा नाही. आत बी आहे.”

“आन् बी मेलं असलं तर?”

“मेलं असलं तरी पाण्यानं काही बिघडत नाही.”

तिनं पदरानं ओटा पुसल्यासारखं केलं आणि उठून गेली. ती चिडून गेली की हरून, कळलं नाही.

खरं सांगू का, सीमा, सकाळी उठायला निमित्त लागतं. म्हैस विकली. केंद्रावरनं निवृत्त झालो. टीव्ही लावतो, पण माणसं नुसती तोंडं हलवतात. एकदा अंथरुणात वाटलं, आज नाही उठलो तर कुणाचं काय अडणार आहे? मग डबा आठवला. उठलो.

डबा मजेत आहे म्हणायचा. तू कशी आहेस?

तात्या


शिमला
१९ जुलै २०२३

तीर्थरूप तात्या,

तुमचं पत्र खूप वेळा वाचलं. असं काही मनात आणू नका. रोज उठा. माझ्यासाठी उठा.

बीचं विचारलं सगळ्यांना. या बीला आधी ऊब लागते आणि मग लांब थंडी. इथं ती आख्खा हिवाळा बर्फाखाली झोपते. थंडी खाऊन निघाल्याशिवाय जागी होत नाही. काष्टीत तेवढी थंडी कुठली! कल्याण म्हणतो, ‘नगर जिल्ह्यात हॉली? तिथं बाभूळसुद्धा दमते.’ तो एक्स-रे विभागात असतो, मूळचा पारनेरचा. इथं मराठी बोलायला तेवढाच एक.

नाहीच उगवलं तर मनाला लावून घेऊ नका, तात्या. डब्यात तुळस लावा.

सीमा


काष्टी
२० नोव्हेंबर २०२३

चि. सीमा हिला आशीर्वाद, आणि त्या पारनेरकराला माझा निरोप: बाभूळ दमते, पण उभी राहते.

तुळस लावायची नाही. थंडी पाहिजे ना? थंडी आपल्या केंद्रावर बारा महिने असते. मीच तिथं तीस वर्षं दूध गार केलं आणि मला सुचायला चार महिने लागले! दह्याचे क्रेट ठेवायची जी खोली आहे ना, आत गेलं की नाकाचा शेंडा बधिर होतो, ती. डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि नेला. तिथं आता कानिफनाथ बघतो. मी शिकवलेला. तोंड केवढं केलं त्यानं!

“तात्या, सायबानं बघितलं तर माझी नोकरी जाईल. दह्याशेजारी माती? काय हाय ह्या डब्यात?”

मी म्हटलं, “सुनेचं येणं आहे.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग डबा प्लॅस्टिकात गुंडाळला आणि कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला. तीन महिने राहू दे म्हणाला. वर खडूनं लिहिलं, ‘हात लावू नये’.

मी रोज दुपारी बघून येतो. कानिफनाथ चहा पाजतो. चार माणसं भेटतात, ओरडून बोलतात, मला थोडं कळतं. पण घरी ओटा फार रिकामा दिसतो. डबा होता तेव्हा डब्यात काही नव्हतं, आता डबाही नाही. सकाळी अजून तांब्या भरून बाहेर येतो, आणि जागा बघून तो शेवग्याला ओततो.

तात्या


शिमला
१७ जानेवारी २०२४

तीर्थरूप तात्या,

तिळगूळ पाठवते आहे. इथं गूळ वेगळा, म्हणून वड्या जरा कडक झाल्या. तुम्ही चहात बुडवून खा.

‘सुनेचं येणं आहे’ हे वाचून मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आज एक लिहिते. काष्टीतली माझी शेवटची संक्रांत आठवते? गल्लीत हळदीकुंकू होतं. बायका आपल्या दारावरून हसत चालल्या होत्या. मी खोलीचं दार लावून बसले होते. कुणी मला ये म्हणालं नाही, आणि म्हणू नये हे मलाही ठाऊक होतं. तुम्ही बाहेरून विचारलंत, ‘डोकं दुखतंय का गं?’ मी हो म्हणाले. डोकं दुखत नव्हतं, तात्या.

इथं मला कुणी ओळखत नाही. या वर्षी संक्रांतीला हॉलीखाली उभी होते. कल्याणनं फोटो काढला, सोबत पाठवते. बर्फामुळं नीट दिसत नाही, पण लाल दिसतंय ते फळ आहे.

सीमा


काष्टी
१४ मार्च २०२४

चि. सीमा,

वडी चहात बुडवूनही कडकच. आक्काबाईनं खलबत्त्यात कुटली.

फोटो सुनीलच्या फोटोशेजारी लावलाय. हसतेस त्यात. तुला हसताना बघून किती दिवस झाले होते.

संक्रांतीचं वाचून मी आक्काबाईला ते पत्र वाचून दाखवलं. पहिल्यांदाच तिनं मधे तोंड घातलं नाही. ऐकलं आणि शेळीला चारा टाकायला निघून गेली. मला मात्र राहून राहून वाटतं, दाराबाहेरनं विचारलं, तेव्हा दार ढकलून आत का आलो नाही? दार काही कडी लावलेलं नव्हतं.

डबा महाशिवरात्रीला केंद्रावरनं घरी आणला. पुन्हा शेवग्याखाली. ऊन लागू देत नाही, मुंगी चढू देत नाही. डब्यातली माती गार राहून कशी खुशीत आली म्हणतेस! तण नुसतं उसळतंय. घोळ, हरळी, माठ, काय काय. पण मीही जागा आहे. जन्मभर खुरपं धरलेला हात हा. डोकं वर काढलं की चिमटीत धरून उपटतो आणि आक्काबाईच्या शेळीला देतो. तुझ्या काट्याच्या वाटेत एक काडी ठेवलेली नाही. डबा आरशासारखा आहे. आता काटेरी पान दिसायचा तेवढा अवकाश.

या खेपेला नक्की. मन सांगतं.

तात्या


शिमला
९ एप्रिल २०२४

तीर्थरूप तात्या,

एक गंमत सांगते! बर्फ वितळलाय आणि हॉलीखाली तिचीच इवली इवली रोपं उगवलीत. मी आधी ओळखलीच नाहीत. पहिली दोन पानं अगदी साधी असतात, जाडसर, गुळगुळीत. काट्याचं नाव नाही. एखादं तण असावं तशी. काट्याची पानं त्यानंतर येतात.

म्हणून हे घाईनं लिहिते. डब्यात असं काही साधंसुधं दिसलं तर तण समजून उपटू नका हं!

कसं चाललंय? लगेच लिहा.

सीमा


शिमला
१० जून २०२४

तीर्थरूप तात्या,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. टपालात गहाळ झालं का? कानिफनाथदादांना फोन केला. म्हणाले, तात्या तसे धडधाकट हायेत, रोज येत्यात, चहा पित्यात, पन बोलत न्हाईत. डब्याचं विचारलं की उठून जात्यात.

काय झालं? दोन ओळी तरी लिहा.

सीमा


शिमला
२५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप तात्यांना सीमाचा नमस्कार.

तुम्ही का लिहीत नाही ते मला कळलं आहे. कल्याणबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगितलं. पारनेर काही काष्टीपासून परदेशात नाही. हे मी स्वतः आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायला घ्यायचे आणि ‘सीमा’ लिहून पाकीट बंद करायचे.

आम्ही लग्न करतो आहोत. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला इथं नोंदणी आहे. तो चांगला आहे. सुनीलबद्दल मी बोलते तेव्हा ऐकतो. तुमची पत्रंही मी त्याला वाचून दाखवते. ‘बाभूळ उभी राहते’ हे त्यानं एक्स-रेच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलंय.

आणखी एक आहे, ते याहून अवघड. हॉली उगवायला दोन-तीन वर्षं लागतात, हे मला बी पाठवतानाच ठाऊक होतं. म्हणून तर ती अट घातली. तुम्हाला ‘येत नाही’ म्हणवत नव्हतं आणि येववत नव्हतं. ओट्यावर पाऊल ठेवलं की सुनीलला तिथं आणून ठेवलेलं दिसतं. वाटलं, दोन-तीन वर्षांत एकतर माझा जीव घट्ट होईल, नाहीतर तुम्ही विसराल. तुम्ही पंधरा दिवस धरलेत, खोलीला चुना लावलात. दह्याच्या खोलीत डबा नेलात. मी मात्र इथं बसून ‘घाई करू नका’ लिहीत होते.

आता मी कुणाची सून म्हणून लिहू, कळत नाही. तुम्ही म्हणाल ते. पण दोन शब्द पाठवा. शिव्या असल्या तरी चालतील.

सीमा


काष्टी, ता. श्रीगोंदा
१२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सीमा हिला तात्याचे अनेक अनेक आशीर्वाद.

वीस तारीख अजून यायची आहे, पण हे तुझ्या हाती पडेपर्यंत काय राहतंय! म्हणून लिहिलं. लिहिताना पेन अडलं नाही.

कल्याणचं मला कुणी सांगितलं नाही. तूच सांगितलंस. गेल्या पावसाळ्यापासून एकही मोठं पत्र त्याच्यावाचून गेलं नाही. फोटोत तू हसत होतीस ती झाडाकडं बघून नव्हे, फोटो काढणाऱ्याकडं बघून. मला कान नाहीत, डोळे आहेत. तेव्हाच आक्काबाईला म्हटलं, पोरगी मार्गाला लागली. ती म्हणाली, “लागू दे. आपुन काय तिला लोनच्यासारखी बरनीत घालून ठिवायची का?” तेव्हा राग कसला!

गप्प राहिलो ते माझ्याच कर्तबगारीनं.

तुझं एप्रिलचं पत्र ओट्यावर बसून वाचलं. ‘पहिली दोन पानं साधी, जाडसर, गुळगुळीत.’ ते मी पाहिलं होतं, सीमा. डबा घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत आलेलं. अगदी मधोमध, जिथं बी टोचली होती तिथंच. मी बसून निरखलं. घोळ नाही, माठ नाही, कसलं ओळखू येईना. ओळखू येत नाही म्हणजे तण, असा आमचा शेतकऱ्याचा कायदा. काटा दिसला नाही ना! चिमटीत धरलं आणि ओढलं. चिवट होतं. मूळ सुटताना जरा कट् झालेलं बोटाला कळलं. शेळी दारातच होती. तिनं ते माझ्या तळहातावरनं खाल्लं.

सव्वा वर्ष ज्याची वाट बघितली ते आलं, आणि मी ते ओळखलं नाही.

काय लिहिणार होतो तुला? ‘उगवलं नाही’ लिहिलं तर खोटं. ‘उगवलं’ लिहिलं तर तू येणार, आणि बघायला काय, तर शेळी! एकदा बाजारातनं काटेकोरांटीचं रोप आणून डब्यात रोवलं. म्हटलं, तिला काय कळतंय. दोन दिवस ते माझ्याकडं बघत राहिलं. तिसऱ्या दिवशी उपटून कुंपणाला लावलं. नर्स असली तरी शेतकऱ्याचीच लेक, ती हसेल आपल्याला.

तुला सगळं आधीच ठाऊक होतं, हे वाचून मला काय वाटलं विचारशील. वाईट वाटलं, थोडा वेळ. मग वाटलं, बरं झालं ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी डब्याला पाणी घातलं नसतं, आणि त्या सकाळी मी कशासाठी उठलो असतो? तेव्हा ती अट मला पुरली. आता मोडली म्हणू. मी उपटली, तू कबूल केलीस, फिटलं.

त्या दिवसापासून डब्यात खुरपं घातलेलं नाही. बोटसुद्धा नाही. पाणी तेवढं घालतो. यंदा पाऊस बरा झाला. डबा आता दिसत नाही, नुसतं हिरवं दिसतं. घोळ बाहेर लोंबतेय, केना आहे, आघाडा कमरेला लागेल एवढा झालाय, हरळीनं कड धरलीय. आक्काबाई म्हणते, “डबा हाय का पडीक रान?” आत खाली मला न ओळखू येणारी दोन-तीन साध्या पानांची बारकी रोपं आहेत. बी मी एकच टोचली नव्हती. त्यांत तुझं असेल, नसेल. मी ठरवायचं नाही असं ठरवलंय. माझ्या हातानं एकदा ठरवून झालं.

तेव्हा उगवायची वाट बघू नकोस. तूच ये, आणि त्यात तुझं कोणतं ते ओळख. कल्याणलाही आण. एक्स-रेवाला आहे, त्याला आतलं दिसत असेल.

ओट्याचं लिहिलंस. ओटा मलाही रोज दिसतो, पोरी. डबा मी मुद्दामच तिथं ठेवला होता, त्याच जागेवर. दुसरं काहीतरी बघायला असावं म्हणून.

कुणाची सून म्हणून लिहू, असं विचारतेस. वर मायना पुन्हा वाच. त्यात मी कुणाची ते लिहिलेलं नाही. तू येताना जे होऊन येशील ते घरात मावेल. खोली मोठी आहे, चुना आहे, पालीला हाकलतो.

आक्काबाई शेजारी बसून काय लिहितोस विचारतेय. तिचा निरोप जसाच्या तसा देतो: “तिला म्हनावं, संक्रांतीला ये. कोन बोलावतं न् कोन न्हाई त्ये मी बघते. पयलं कुकू मीच लावीन. मला तरी कोन बोलावतंय?”

ती नवरा गेल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, कुणाच्या हळदीकुंकवाला गेलेली नाही. मी हे कधी तिला विचारलं नव्हतं. तिचं डोकं दुखतं का, एवढंसुद्धा नाही.

चहा अजून दोन कप होतो. आता तीन टाकायची सवय करतो.

तुझा
तात्या


पोस्टकार्ड
शिमला, ३ जानेवारी २०२५

तीर्थरूप तात्या,

रजा मंजूर झाली. भोगीच्या दिवशी पोचतो, दोघंही. आक्काआत्यांना सांगा, कुंकू आधी मी त्यांना लावणार, मग त्यांनी मला.

ओट्यावर मी थोडी थांबेन. तेव्हा काही बोलू नका, नुसते शेजारी उभे राहा.

तोवर डब्याला हात लावू नका. आणि शेळी बांधून ठेवा.

सीमा